चिरलेली पुंगळी
कॅम्पात बंदुका दुरुस्त करणारा भरमा तोंडाचा फटकळ माणूस. फौजेत हत्यारं नीट करण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली, पेन्शनीत आल्यावर दुकान टाकलं. शिवारातल्या डुकरांसाठी परवाना घेतलेले शेतकरी त्याच्याकडे येतात. तो आधी शिव्या घालतो, मग चहा पाजतो. पण धाकट्या भावाचं, भावकूचं नाव निघालं की हा गडी लोण्याहून मऊ. आई लवकर गेली, भावकूला त्यानंच कडेवर वाढवलं होतं.

त्यांच्या गावात, उचगावात, रानडुकरांनी उसात धुडगूस घातला, तेव्हा भावकूनं वडिलांची जुनी रायफल बाहेर काढली. भरमानं तिला काडतूस मागून अडवून धरणारा नवा बोल्ट बसवून दिला. आणि एका सकाळी बार उडाला तो काडतूस आतच फोडून. गरम वायू आणि पितळेचे कण मागं आले, भावकूचा उजवा डोळा गेला.

भावानंच भावाचा डोळा घेतला, असं गाव म्हणू लागलं. गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण भरमाच्या मनातही तीच पाल चुकचुकत होती. बोल्ट त्याच्याच हातचा होता.

तो उचगावला गेला आणि भावकूच्या सोप्यात बसून त्यानं त्या बाराची रिकामी पुंगळी, काडतुसाचं पितळी कवच, हातात घेतली. बोल्ट सैल बसला असता तर पितळ बुडाशी ताणलं गेलं असतं आणि पुंगळी तिथं आडवी, बांगडीसारखी गोल तुटली असती. टोकाशी वाकवलेली बारीक तार आत घालून त्यानं बुडाजवळ फिरवली. टोक कुठंच अडकलं नाही; पितळ तिथं ताणलंच नव्हतं. चीर होती ती उभी, तोंडापासून खालपर्यंत, आणि तिची कड काळपट. त्या बारानं नव्यानं फाटलेलं पितळ आतून चकाकलं असतं. म्हणजे काडतूस आधीपासूनच चिरलेलं होतं. भरमाच्या जिवात जीव आला, आणि आत भाऊ कण्हत असताना आपल्याला हायसं वाटलं याची त्याला लाजही वाटली.

"बायाक्का, उरलेली काडतुसं आण गं."

भावकूची बायको डबा घेऊन आली. काडतुसं नव्या तांब्यासारखी लखलखत होती. भरमानं एक उजेडात धरलं. तोंडाशी केसाएवढ्या चिरा.

"एवढी चमकत्यात कशी?"

"मीच घासते न्हवं दर खंडेनवमीला," सुजल्या डोळ्यांनी ती जराशी फुलली. "देवापुढं काळी काडतुसं मांडायची व्हय? माझा भाऊ फौजेतनं पट्ट्याचं पॉलिश आणतोय, लई झ्याक. रातभर लावून ठेवायचं, सकाळी पुसायचं."

भरमाचे हात जागीच थांबले. त्या पॉलिशमध्ये अमोनिया असतो. पट्ट्याच्या बकलाला त्यानं काही होत नाही, पण दाबून घडवलेलं काडतुसाचं पितळ तो आतून खातो. फौजेत हे त्यानं कितीजणांना दटावून सांगितलं होतं. पूजेची तयारी करणाऱ्या बाईला सांगावं, हे कुणाच्या डोक्यात येणार?

"आण्णा, कशानं झालं हो?"

भरमानं तिच्याकडे बघितलं. दवाखान्यातून आल्यापासून ती नवऱ्याच्या उशाशी होती, त्याला घास भरवत होती. खरं कळलं तर ही बाई जन्मभर त्या डोळ्याकडे बघू शकणार नव्हती. आणि भावकूला उरला होता तो तिचाच आधार.

"माझ्याच हातनं चूक झाली," तो म्हणाला. "बोल्ट नीट बसला न्हाय."

बायाक्काचा तोल सुटला. "एका आईच्या पोटचं ना तुम्ही? परक्यानंबी असं केलं नसतं! आता आमच्या उंबऱ्याला पाय लावू नका."

"त्याला जाऊ दे," आतून भावकूचा आवाज आला. नेहमीसारखं आण्णा म्हणाला नाही.

भरमानं चिरलेली काडतुसं रुमालात बांधून घेतली. आवारातून जाताना पाय ओढत चालला. एक हाक येईल असं त्याला वाटत होतं. भावकू लहानपणी रुसला तरी वेशीपर्यंत मागं पळत यायचा.

आता भावकू एका डोळ्यानं शेत बघतो, बायाक्का सावलीसारखी त्याच्यासोबत असते. संसार मोडला नाही, एवढंच भरमाला कुणाकुणाकडून कळतं. उचगावचं गिऱ्हाईक आलं की त्याला तो शिव्या घालत नाही; बाकावर बसवतो, चहा सांगतो आणि विचारतो, "आमचा भावकू माझं नाव काढतोय काय रं?" गिऱ्हाईक मान खाली घालतं.