सावित्रीबाईची बेल

दिवसभर प्रेस मशीनवर पत्रा ठोकणाऱ्या माणसाला घरी चार गॅजेटं ठेवायचा शौक असला, तर तुमच्या पोटात का दुखतं? "कामगाराला कशाला ही थेरं?" असं हिंदुरावला तोंडावर विचारणारे पिंपळे गुरवात कमी नव्हते. साहेबाच्या पोरानं घेतलं तर छंद, हिंदुरावनं घेतलं तर उधळपट्टी! हिंदुराव हसायचा. त्याला निम्मं ऐकूच यायचं नाही. तळवड्याला, कंपनीच्या शेडमध्ये, कानात घालायची बुचं तपासणीच्या दिवशी वाटत आणि संध्याकाळी परत गोळा करत. कान गेले ते तिथंच.

पण हात शाबूत होते. करमाळ्याकडून आलेला हा गडी पिंपरी कॅम्पातल्या बाजारातून काय काय घेऊन यायचा. टाकी भरली की बोंब मारणारं यंत्र. आपोआप घर झाडणारी चकती, जी उंबऱ्याशी अडकून चाकं फिरवत बसायची. तिला सावित्रीबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कासव नाव ठेवलं होतं. टाळी वाजवली की लागणारा दिवा आणला, तेव्हा गणपतीत भलतीच गंमत झाली. आरती सुरू, सगळ्यांच्या टाळ्या सुरू, आणि दिवा आपला लाग-विझ, लाग-विझ.

"अहो, देवाला फिट येईल," सावित्रीबाई म्हणाली. "काढा तो आधी!"

तिचे गुडघे धरायला लागले तशी त्यानं ती बेल आणली. दारापर्यंत पोचायला तिला वेळ लागे आणि तोवर लोक बटण दाबतच राहत. या बेलमध्ये आपला आवाज भरता यायचा. हिंदुरावनं तिला समोर बसवलं, "बोल" म्हणाला. ती बोलली, ते असं:

"आले, आले! घोड्यावर बसून आलाय का? दम धरा की जरा!" आणि मग, हळूच, "झालं का हो?"

शेवटचं ते त्याला कापता आलं नाही. राहिलं तसंच. गल्लीतल्या बाया मुद्दाम बटण दाबून हसायच्या.

माघात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि सावित्रीबाई गेली. बेल बोलत राहिली.

दुधवाला दचकला. शेजारची मंजुळाबाई तर दारातून परत फिरली. मोशीला दिलेली लेक दिपाली आली आणि उंबऱ्यातच रडायला लागली. "आप्पा, ही बेल काढा. नाहीतर निदान मोबाईलवर उतरवून तरी घ्या. आईचा दुसरा आवाज आहे का आपल्याकडं?"

नव्हता. फोटो ढिगानं. दिपालीच्या लग्नाच्या व्हिडिओत आई काहीतरी बोलते, पण व्हिडिओवाल्यानं सबंध लग्नावर गाणी घातलेली. नुसते ओठ हलतात.

"दिवाळीच्या सुट्टीत उतरवू," हिंदुराव म्हणाला. त्याला ते करायचंच नव्हतं. उतरवून घ्यायचं म्हणजे ही पण जाणार, असं धरून चालायचं.

खिशात किल्ली असूनही रोज कामावरून आला की तो बेल दाबायचा. आवाज ठेवलाच होता मोठा, त्याला ऐकू येईल इतका. घोड्याची शिवी खायची, "झालं का हो?" येईपर्यंत थांबायचं, "झालं" म्हणायचं आणि मग कुलूप उघडायचं. सेल बदलायचे तर आधी तारेचा प्लग लावून ठेवायचा. वीज पुरती तुटली की तिच्या पोटातलं सगळं पुसलं जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

खंडेनवमी आली. दरवर्षी कंपनीतल्या मशीनची पूजा झाली की हिंदुराव घरची यंत्रं पाटावर मांडायचा, कुंकू लावायचा. त्याच्याच शेडमधला गेनू, चाकणकडच्या खेड्यातला, हटकून यायचा. घरात माणूस गेलं की वर्षभर सण नाही, म्हणून हिंदुरावनं यंदा नाही म्हटलं.

"सण तुला न्हाई, मला हाय," गेनू म्हणाला. "यंत्रानं काय पाप केलंय राव? मी सुट्टी टाकतो, मी करतो पूजा. वैनी असत्या तर त्यांनी तसं ऱ्हाऊ दिलं असतं व्हय?"

"बरं, कर बाबा. कासवाला हार घाल." हिंदुरावनं किल्ली दिली. बेलचं काही बोलला नाही. बेल हे यंत्र आहे, हेच तो केव्हाचा विसरला होता.

गेनूनं शेडमधल्या रीतीनं पूजा केली. आधी मेन स्विच बंद. मग उघडायचं, पुसायचं, गंज खरवडायचा, नवं घालायचं, मग हळदकुंकू. कासव धुतल्यासारखं चमकवलं. आणि बेल तर भिंतीवरून उतरवून, जुने सेल काढून, पत्र्या घासून, नवेकोरे सेल घालून पुन्हा टांगली. वर झेंडूचा हार.

हिंदुराव संध्याकाळी पेढे घेऊन आला. हार बघून बरं वाटलं. बटण दाबलं.

टिंगटाँग.

कानांचा दोष म्हणून त्यानं पुन्हा दाबलं. टिंगटाँग.

गेनूनं हसत दार उघडलं. "कशी वाजती बघ! पार नवी केली गड्या..." आणि हिंदुरावचं तोंड बघून त्याचं हसू विझलं. "वैनी कुठं गेल्या रं?"

तो बाहेर आला, स्वतः बटण दाबायला लागला. "यील, यील, गरम झाली की यील..." दाबतोय, दाबतोय. हाताला कुंकू, डोळ्याला पाणी. हिंदुरावनं त्याचं मनगट धरलं.

"दम धर की जरा," एवढंच म्हणाला.

शिवी नाही, ओरडा नाही. गेनूला आत नेलं, पेढा दिला. स्वतः मात्र तोंडात घातलेला पेढा बराच वेळ तसाच धरून बसला.

बेल अजून आहे, वर वाळलेला हार. गेनू येतो, पण बटणाला हात लावत नाही. जिन्याखालून हाका मारत राहतो. हिंदुराव आता कुलूप उघडताना "झालं" म्हणत नाही. विचारणारं कुणी राहिलं नाही.

कधी त्याच्या दारी गेलात, तर कृपा करा, बेल दाबू नका. कडी वाजवा. जोरात वाजवा, त्याला कमी ऐकू येतं. आणि यायला उशीर झाला, तर जरा दम धरा.