ट्रॅक्टरवर मान वळवणारं बाळ

"त्याला ऐकू येतंय म्याडम. ट्रॅक्टर चालू केला की लगीच मान वळवतो," बाळाचे आजोबा ठामपणे म्हणाले.

बाळाची आई सुनंदा खाली बघत हळूच बोलली, "माझ्या हाकंला न्हाय वळत."

"आईच असं वंगाळ बोलती," सासूने तिला तिथंच गप्प केलं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कोणाला किती ऐकू येतं ते मोजणारी. दर गुरुवारी पुण्याहून एसटीने बारामतीला एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात यायची. हे कुटुंब भिगवणकडचं. सागर दहा महिन्यांचा, गुटगुटीत, हसरा.

मी आजोबांना विचारलं, "आबा, ट्रॅक्टर चालू होतो तेव्हा हा कुठं असतो?"

"माझ्या मांडीवर. शीटवरच की."

म्हणजे इंजिनाचा हादरा त्याच्या अंगाला कळत होता.

मूल जन्मल्यापासून मोठ्या आवाजाला दचकतं. सहा महिन्यांचं होईतो आई बोलली की तिच्याकडे वळून बघायला लागतं. न ऐकणारं मूलही सुरुवातीला हुंकार देतं, त्यामुळे घरचे फसतात. पुढे ते हुंकार कमी होत जातात. सागरचे कमी झाले होते.

सागरला सुनंदाच्या मांडीवर बसवलं. सिस्टर समोर बाहुली धरून होती. मी मागून, त्याच्या नजरेआड खुळखुळा वाजवला. मग घंटा. तो बाहुलीकडेच बघत राहिला.

"थांबा, मी हाक मारतो," म्हणत त्याचा बाप दत्ता पुढे आला. "सागर!" बाळ खुदकन हसलं. "बघा, हसला का न्हाय?"

"तुमचा चेहरा बघून हसला. आता मागे जाऊन मारा."

दत्ता मागे गेला. "सागर! ए सागर!" तिसरी हाक एवढी मोठी होती की बाहेर बाकावर बसलेले पेशंट दारात आले. सागर बाहुलीचा पाय ओढत होता.

सागरला ऐकू येत नाही, हे निदान मी सांगितलं. मग सगळ्यांच्या नजरा सुनंदाकडे वळल्या.

"बोलून बोलून खरं केलंस," सासू म्हणाली.

"यात कोणाचाच दोष नाही," मी म्हणाले, पण तोवर सासू बाळ घेऊन बाहेर पडली होती.

श्रवणयंत्र बसवायला दत्ता एकटाच बाळाला घेऊन आला. तेव्हा यंत्र म्हणजे छातीवर बांधायची डबी आणि कानापर्यंत वायर.

"सुनंदा कुठं आहे?"

"माहेरी. आमच्या आईनं धाडली."

"नुसत्या यंत्राने भागणार नाही. दिवसभर याच्याशी समोर बसून बोलणारं माणूस पाहिजे. तिला आणा."

त्याने मान डोलावली. पुढचे कितीतरी गुरुवार कोणीच आलं नाही. दत्ता सुनंदाला घेऊन आला तेव्हा सागर दोन वर्षांचा होऊन गेला होता. बोलणं कानावर पडून मेंदूत रुजायचा मोलाचा काळ हातचा गेला होता. सुनंदाने त्यानंतर एक गुरुवार चुकवला नाही. सागर मूकबधिर शाळेत जाईपर्यंत तिच्या हाती आलं ते एवढंच, की तिला बघितलं की तो ओठांनी 'आई' म्हणायचा. आवाज निघत नसे.

तेव्हापासून मी क्रम बदलला. दोष कोणाचा नाही हे आधी, सगळ्यांना बसवून सांगते. निदान त्यानंतर.