तेलीबागच्या घराची राहिलेली भिंत

मेथी निवडत बसले होते तेव्हा माझ्या भाच्याचा, रोहितचा फोन आला. "मौसी, मम्मी नहीं रहीं," एवढंच तो म्हणाला. माझी थोरली बहीण विशाखाताई. लग्न झालं आणि ती लखनौला गेली. नागपुरात आम्ही तिच्याबद्दल सांगताना इतकी वर्षं हेच म्हणत आलो, ताई लखनौला गेली. आता त्यातलं 'लखनौला' गळून पडलंय, आणि उरलेला शब्द तोंडातून निघत नाही... काही आठवडे झाले, तरी नाही.

भाऊजी केंद्र सरकारच्या नोकरीत होते. सगळा संसार सरकारी क्वार्टरमध्ये झाला. रोहित शाळेत जायला लागला आणि ताईला दुपार रिकामी मिळायला लागली, तेव्हा तिनं आलमबागेत एक जुनं, ओल धरलेलं घर पाहिलं. मालकाला ते कसंही करून काढायचं होतं. आईकडून मिळालेले दागिने मोडून आणि भाऊजींना गळ घालून तिनं ते घेतलं, आणि क्वार्टर असतानाही तिथं राहायला गेली. का, तर मिस्तरी समोर असला की काम होतं म्हणून. एका खोलीत गादी, दुसरीत सिमेंटची पोती, अंगणात स्टोव्ह. घर उभं राहिलं, उजेड आला, आणि ताईनं ते विकून टाकलं. भाऊजींना वाटलं, हौस फिटली. पण ती पुढचं घर शोधायला लागली होती.

मग हेच तिचं आयुष्य झालं. पडकं घर घ्यायचं, त्यात राहायचं, त्याला माणसात आणायचं आणि दुसऱ्याच्या हाती देऊन निघायचं. दलाल तिला 'मराठी वाली मैडम' म्हणायचे. भिंतीवर बोटांनी टकटक करून ती प्लास्टर कुठं पोकळ आहे ते सांगायची. मी दर दोन-तीन वर्षांनी जायचे तर पत्ता नवा असायचा आणि ताईच्या केसांत तीच धूळ. सामान हलवताना बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो ती सगळ्यात शेवटी काढायची, आणि तिच्या मांडीवर बसूनच ते दोघं नव्या घरी जायचे. त्यांच्यासाठी कायमची जागा मात्र तिनं कुठल्याच घरात केली नाही. एका साध्या फळीवर ते असायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "विकायच्या घरात कोनाडा करायचा नसतो गं. मग पाय निघत नाही."

बख्शी का तालाबला, हवाई दलाच्या तळाजवळ, तिनं एक घर दुरुस्त केलं होतं, मागं शेतं, पुढं पेरूची झाडं. तेव्हा मी तिथंच होते. एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको रविवारी घर बघायला आले आणि शांतता बघून भारावले. मास्तरीणबाईंना डोकेदुखीचा त्रास होता. दलाल बयाणा घ्यायची घाई करत होता. ताई त्यांना म्हणाली, "कल फिर आइए. यहाँ जहाज़ उड़ते हैं, सुनकर फ़ैसला कीजिए." ते दुसऱ्या दिवशी आले, रविवारी न उडणाऱ्या विमानांचा आवाज ऐकला आणि गेले ते गेलेच. दलाल तिच्याशी बोलेनासा झाला. घर बरेच महिने पडून राहिलं आणि शेवटी मनासारख्या भावाला गेलंही नाही. ताईनं तो विषय पुन्हा काढला नाही. ते लोक गेले त्या संध्याकाळी भाऊजींना एवढंच म्हणाली होती, की त्या बाई इथं झोपू शकल्या नसत्या.

तेलीबागचं घर तिनं भाऊजी निवृत्त झाल्यावर घेतलं. फोनवर तिचा आवाज थकलेला वाटायचा. सामान बांधायचा कंटाळा आला, असंही एकदा म्हणाली. भाऊजींना वाटलं, आता ही थांबणार. रोहित हैदराबादला नोकरीत, त्याला वाटलं हेही घर विकून आईबाबा त्याच्याकडे येणार. तिनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. सांगायची तिला सवयच नव्हती, आधी करायची आणि मग दाखवायची. पूर्वेच्या खोलीत तिनं भिंतीवर गेरूनं एक चौकट आखली, कमरेपासून डोक्यापर्यंत उंच. रामसजीवन मिस्तरी तिच्याकडे कित्येक वर्षं कामाला होता. सकाळी छिन्नी घेऊन ये, मग सांगते, असं तिनं त्याला सांगितलं. सकाळी तो आला तेव्हा ताई स्वयंपाकघरात खाली पडलेली होती आणि भाऊजी शेजाऱ्यांना हाका मारत होते.

मी पोचले तोवर तिची उजवी बाजू गेली होती. वाचाही. डॉक्टर म्हणाले, तिला थोडंफार समजत असेल, पण किती ते सांगता येत नाही. काही दिवसांनी एकच शब्द परत आला, "हाँ." जन्मभर घरात वऱ्हाडी वळणाचं मराठी बोललेली माझी बहीण, आणि तिच्यापाशी उरला तो हा एवढा शब्द. पाणी हवं? हाँ. नको? हाँ. दुखतंय का? हाँ. मी कोण? तर माझ्याकडे बघत, डोळे भरून, "हाँ."

घरी आणल्यावर ती डाव्या हातानं सारखी पूर्वेच्या खोलीकडे दाखवायची. चाकाच्या खुर्चीतून नेलं की त्या गेरूच्या रेघेवर बोट ठेवायची आणि आमच्याकडे बघायची. पलीकडे मोकळा प्लॉट होता, म्हणजे खिडकी होऊ शकत होती. सकाळचं ऊन आलं असतं आणि घराला गिऱ्हाईकही चांगलं मिळालं असतं. पण भाऊजी म्हणाले, ही खिडकी नाही, हा कोनाडा आहे. बुद्धाचा. "तिला इथंच राहायचंय. मला माहीत आहे." रोहितला ते पटत नव्हतं. "पापा, आपको मालूम नहीं है. आप चाहते हैं, बस," तो हळूच म्हणाला.

मग आम्ही तिलाच विचारलं. मी खुर्चीपाशी खाली बसले, तिचा हात हातात घेतला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "ताई, इथं खिडकी करायची?"

"हाँ."

"की कोनाडा?"

"हाँ."

रोहितनं मोबाइलवर खिडकीचं चित्र दाखवलं, कोनाड्याचं दाखवलं. मिस्तरीनं हातानं आकार करून दाखवले, त्यालाही ठाऊक नव्हतं. प्रत्येक वेळी तेच. तिला कळत होतं की आपण सांगतोय ते आमच्यापर्यंत पोचत नाहीये. तिनं डाव्या मुठीनं खुर्चीच्या हातावर मारलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग रडायला लागली. मी तिचा चेहरा पुसत राहिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं... नंतर आम्ही विचारणं थांबवलं. तीही दाखवायची थांबली. खोलीत नेलं की नुसती भिंतीकडे बघत बसायची, आणि आम्ही तिच्याकडे.

मला नागपूरला परतावं लागलं. दुसरा झटका आला तो मी इथं असताना.

तिच्यामागं घराचं बाकीचं काम मिस्तरीनं पुरं केलं. फरशी झाली, स्वयंपाकघर झालं, तिनं निवडलेला फिका पिवळा रंग सगळीकडे लागला. रोहित भाऊजींना हैदराबादला चला म्हणतोय. दोन कुटुंबं घर बघूनही गेली. भाऊजी त्यांना चहा देतात, गच्ची दाखवतात आणि हो-नाही काहीच न सांगता निरोप देतात. त्यांनी आपली कॉट पूर्वेच्या खोलीत हलवली आहे. तिथली ती एक भिंत तशीच आहे, बिनरंगाची, गेरूच्या रेघांसकट. जमिनीलगत जुनी फळी आडवी ठेवली आहे आणि तिच्यावर मूर्ती आणि फोटो.

परवा मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, रंगवाला आला होता, त्याला परत पाठवलं. मी विचारलं, किती दिवस असं ठेवणार?

ते म्हणाले, "बघू गं. अजून आमचं ठरलं नाही."