जुना व्हॉल्व्ह

दादा गेला त्याला तीन वर्षं झाली. परवा त्याच्या गिटारचा अॅम्प्लिफायर दुरुस्तीला नेला. दुकानातल्या काकांनी दोन व्हॉल्व्ह, आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, टेबलावर ठेवले. दादाचा काळवंडलेला, दुसरा नवा, लख्ख.

"दोन्ही ऐकून बघा," ते म्हणाले.

मला गिटार येत नाही. नुसती जाड तार जोरात छेडली. नव्या व्हॉल्व्हवर सूर टणकन आला, स्वच्छ, ठाम. मग काकांनी जुना बसवला. तो तापेपर्यंत आम्ही थांबलो. दादाही असाच थांबायचा, तारांवर हात ठेवून. आईनं जेवायला हाक मारली की म्हणायचा, "आलो गं, आत्ताच तापतोय."

तार छेडली. सूर आधी किंचित खचला, मग हळूहळू वर येत भरून आला.

"जोर पडला की हा दबतो," काका म्हणाले. "नवाच घ्या, ताई. हा फार दिवस काढायचा नाही."

त्यांचं बरोबरच होतं. तरी मी जुनाच राहू द्या म्हटलं. दादा गेल्यापासून, खाली गेलेलं काही परत वर येताना मी पहिल्यांदाच ऐकलं होतं.