लखनौचे फिकट ठिपके

बँकेच्या बदलीवर सातारा सोडून लखनौला आले, आणि इथलीच झाले. सरोजिनी नगरमधल्या आमच्या घराशेजारी एक रिकामा प्लॉट आहे. त्यात आंबुशीचं तण माजलेलं असतं आणि त्यावर नखाएवढी निळी फुलपाखरं. ग्रास ब्लू म्हणतात त्यांना. निवृत्तीनंतर मला त्यांचं वेडच लागलं. शेजारीण म्हणायची, "सब एक जैसी तो हैं, भाभीजी." एक जैसी म्हणे, डोंबल! वरून निळी असतील, पण पंख मिटले की खालच्या राखाडी रंगावर काळे ठिपके दिसतात. कुठला ठिपका आहे आणि कुठला नाही, यावरून जात ओळखायची.

रोज सकाळी मी गवतात पालथी पडायची, डावा डोळा मिटून उजव्याला भिंग लावायची आणि दिसेल तसं वहीत काढायची. फोटोबिटोची मला गरज वाटली नाही. कोरड्या दिवसांत यांचे ठिपके पुसट होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण इथे मला ते भर श्रावणातही पुसटच दिसत होते. कॉलेजात असताना माहेरी काढलेल्या चित्रांच्या जुन्या वहीत मात्र तिळासारखे काळेभोर! म्हणजे लखनौचं वाण निराळं. मी अक्षरशः हरखले. पुण्याच्या एका जाणकार प्राध्यापकांना सात पानी पत्र लिहिलं. या वयात आपल्या हातून काहीतरी नवीन सापडतंय, म्हणून चार दिवस जमिनीवर पाय नव्हता.

त्यांनी फोटो मागवले. मुलीने मोबाइलवर काढून पाठवले. दोन ओळींचं उत्तर आलं: ठिपके ठळक आहेत, वाण नेहमीचंच आहे.

मी डोक्यात राख घालून घेतली. मुलीने लॅपटॉपवर फोटो मोठा करून दाखवला, तर खरंच काळे ठिपके! "तूच काहीतरी फिल्टर लावलास!" मी ओरडले.

"कुछ नहीं किया मैंने, आई." तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर गवतात आडवी झाली. एक फुलपाखरू पंख मिटून बसलं होतं. तिने भिंगातून पाहिलं. "दिख तो रहे हैं. एकदम काले."

मी भिंग घेतलं. राखाडी पंख, बस्स. "कुठे गं?"

ती फुलपाखराकडे नव्हे, माझ्याकडे बघत होती. "दूसरी आँख से देखो ना."

"जन्मभर याच डोळ्याने बघत आलेय मी!" असं म्हणतच, तिचं तोंड बंद करायला, मी भिंग डाव्या डोळ्याला लावलं.

सगळे ठिपके होते. मोजता येतील असे. पुन्हा उजवा लावला. काही नाही. पुन्हा डावा. आहेत. किती वेळ तशीच डोळे बदलत राहिले, देव जाणे. फुलपाखरू कधीच उडून गेलं होतं आणि मी आंबुशीच्या रिकाम्या पानाकडे बघत होते. ज्या डोळ्याच्या भरवशावर मी अख्ख्या जगाशी भांडले, तो डोळा मला फसवत होता, आणि मला पत्ताही नव्हता!

डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, म्हणाले. गेलं ते परत येणार नाही. डाव्यातही सुरुवात आहे, जपावं लागेल. मी मान हलवत होते, पण कानात काही शिरत नव्हतं.

मग ते मुलीकडे वळले. "यह परिवारों में चलता है. आप भी दिखा लीजिए."

ती माझ्या जागेवर बसली. यंत्रावर हनुवटी टेकवली. डॉक्टर वाकले. एक डोळा झाला, दुसरा झाला, मग पुन्हा पहिला. पुन्हा पहिला कशाला, हो? मी तिच्या खुर्चीची पाठ धरून उभी होते. या माणसाला आत काहीही न दिसो, एवढंच मनात होतं.