खोकणारी गाडी

बाबांची जुनी गाडी कोपऱ्यावर आली की खोकायची, आणि तो खोकला ऐकून आई न विचारता चहाचं आधण ठेवायची. बाबा गेल्यावर गाडी बंद पडून राहिली. मी हौसेने तिला नवं इंजिन बसवून घेतलं.

आज दारात येऊन थांबलो, तरी आत हालचाल नाही. हॉर्न दिल्यावर आई बाहेर आली. तिने बॉनेटवर हात ठेवला.

"चालू आहे ही?"

"हो. आवाजच येत नाही आता."

मी बिघाड म्हणून जे काढलं, तेवढंच आईपाशी बाबांचं उरलं होतं. जुनं इंजिन तर केव्हाच भंगारात गेलं.

आत वळताना ती म्हणाली, "चहा घेणार असशील, तर ठेवते."