सरांनी काढलेली आई

"बसवायचं नाय, असू द्यायचं." आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर मुलांना हेच सांगायचे. माणसाला खुर्चीत बसवून त्याचं चित्र काढणं त्यांना मान्यच नव्हतं. "कामात असताना धरा त्याला," म्हणायचे.

त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एका फ्रेंच चित्रकाराच्या चित्राचं कात्रण चिकटवलेलं होतं. घरात शिवत बसलेली त्याची आई. तिचा झगा आणि मागची भिंत एकमेकांत मिसळून गेलेली. मी मराठी शिकवते, मला सगळं स्पष्ट लागतं. म्हटलं, "सर, बाई कुठे संपते न् भिंत कुठे सुरू होते, काही कळत नाही."

सर म्हणाले, "आमच्या घरी या, बाई. तिथंही नाय कळत."

गेले. सिद्धगडाच्या पायथ्याचं गाव, मातीच्या भिंती, आणि ओटीवर तांदूळ पाखडत बसलेली सरांची आई. मुरबाडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेलीही जाणार होती. ती जायच्या आत आईने स्वतःला एकदा चित्रात बघावं, हे सरांनी मनावर घेतलं होतं.

हट्टी माणूस. ओटीच्या भिंतीवरच काढायला घेतलं. अर्धं चित्र कुणाला दाखवायचं नाही म्हणून आईला बोललेच नाहीत. दीड महिना शाळेतून आले की हेच. मग दिवाळी तोंडावर आली आणि म्हातारीने दरवर्षीसारख्या सगळ्या भिंती सारवून काढल्या, चित्रासकट. "मळली व्हती रे भिंत," एवढंच म्हणाली. मला ऐकून रडू आलं. सरांनी दुसऱ्या दिवशी प्लायवूडचा तुकडा आणला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

ते पुरं व्हायच्या आत नजर गेली. मी मूर्खासारखी बोलून गेले, "आता कशाला, सर?" ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण चित्र सोडलं नाही. रोज काय काढलं ते आईला सांगायचे, आणि ती न बघता चुका काढायची. "सूप असं नाय धरत. आंगठा वर घे." आंगठा तीनदा बदलला.

शेवटच्या दिवशी मी तिथेच होते. म्हातारीने विचारलं, "चित्रात आजून कोन हाय?"

"कोन नाय. तू एकलीच."

"आन् तू?"

"मी काडनारा, आये. मी कसा आसंन त्यात?"

"रोज तं हितंच आसतोस. काड."

सरांनी दाराशी एक लहानसा पाठमोरा माणूस काढला.

"कुठं काडलास?"

"दारात."

"लांब नको," ती म्हणाली. "जवळ काड."

सरांनी फडकं घेतलं, दारातला माणूस पुसला आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लावून स्वतःला काढलं.